खुलासा : एमआरआयमधील पोस्टडॉक केवळ डॉक्टरांसाठी नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांच्या गटांत ‘एमआरआयमधील पोस्टडॉक संशोधन फक्त एमडी झालेल्यांनाच करता येते’ असा संदेश फिरत आहे; तो मीही न तपासता पुढे पाठवला, ही माझी चूक. पोस्टडॉक ही पदवी नसून पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधक-नेमणूक असते, आणि एमआरआयमध्ये (चुंबकाच्या साह्याने शरीराच्या आतील चित्र घेण्याच्या तपासणीत) शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून येणारा क्षीण रेडिओ संकेत कॉइलने (तारेच्या वेटोळ्याने) टिपून त्यातून गणिताने प्रतिमा उभी करण्याचे काम बव्हंशी भौतिकशास्त्र व अभियांत्रिकीतलेच आहे. याच शोधासाठी २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेले पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ, तर पीटर मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ होते. रुग्णांवरील चाचण्यांत डॉक्टर सोबत लागतात, एवढेच खरे. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. पात्रता मूळ जाहिरातीतच पाहावी.