मोठ्या कार्ब्युरेटरने जुन्या ३५० ची ताकद वाढत नाही

जुन्या अमेरिकन मसल कार बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनावरचा कारखान्याचा लोखंडी इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणारा भाग) आणि रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे उपकरण) काढून टाका, त्या जागी ॲल्युमिनियमचा सिंगल-प्लेन मॅनिफोल्ड आणि ७५० सीएफएमचा डबल-पंपर होली, म्हणजे होली कंपनीचा दोन पंपांचा कार्ब्युरेटर, बसवा. इंजिनात दुसरे काहीही न बदलता ५० हॉर्सपॉवर वाढतील, काम एका दुपारचे आहे आणि कार्ब्युरेटर खोक्यातून काढून तसाच लावला तरी चालतो, असे हा सल्ला सांगतो. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि त्यापायी चांगल्या चालत्या गाड्या बिघडतात. माझ्याकडची १९७१ ची शेव्हरोले शेव्हेल मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने ती नेमकी याच सल्ल्याप्रमाणे बदललेली होती, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे मी स्वतःच्या हातांनी निस्तरलेले आहे.

आधी ५० हॉर्सपॉवरचा दावा पाहू. १९७१ च्या शेव्हेलमध्ये ३५० इंजिन दोन रूपांत मिळत असे. टू-बॅरल कार्ब्युरेटरचे इंजिन २४५ हॉर्सपॉवरचे होते आणि फोर-बॅरल क्वाड्राजेटचे २७० चे. कॉम्प्रेशन दोन्हींचे ८.५ ला १ इतकेच होते. म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरवरून चार तोंडांच्या कार्ब्युरेटरवर गेल्याने, तेही त्या काळच्या सढळ 'ग्रॉस' मोजणीत (इंजिन गाडीबाहेर, जोडभारांशिवाय मोजून), कारखान्याने जाहीर केलेला फरक २५ हॉर्सपॉवरचा आहे. मग एका फोर-बॅरलवरून दुसऱ्या फोर-बॅरलवर जाण्याने त्याच्या दुप्पट ताकद कुठून येणार, याचे उत्तर दावा करणाऱ्यांनी द्यायला हवे.

दुसरा मुद्दा कार्ब्युरेटरच्या आकाराचा आहे आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ इथेच आहे. सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा, हा आकडा कार्ब्युरेटर इंजिनात किती हवा ढकलतो ते सांगत नाही. फोर-बॅरल कार्ब्युरेटरच्या दोन बाजूंच्या दाबात पाऱ्याच्या १.५ इंचांचा फरक ठेवला, तर त्यातून किती हवा जाऊ शकते, एवढेच तो सांगतो. हवा ओढण्याचे काम इंजिनाचे आहे आणि ते किती हवा ओढेल याचा हिशोब सोपा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाइतकी हवा घेते, म्हणून घनइंचांना आरपीएमने गुणून ३४५६ ने भागायचे. ३५० गुणिले ५५०० भागिले ३४५६ म्हणजे सुमारे ५५७. मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मूळ हेड असलेले रस्त्यावरचे इंजिन प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरू शकत नाही. ते ८० ते ८५ टक्के भरते असे धरले, तर गरज ४४५ ते ४७५ सीएफएमची निघते, आणि तीसुद्धा जिथे हे इंजिन क्वचितच पोहोचते अशा ५५०० आरपीएमला. ६०० सीएफएमचा कार्ब्युरेटर इथे पुरून उरतो.

यावर हमखास विचारले जाते की क्वाड्राजेटही ७५० सीएफएमचाच आहे, मग तो कसा चालतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या कार्ब्युरेटरच्या रचनेत आहे. क्वाड्राजेटची पुढची दोन तोंडे लहान, जेमतेम १.३८ इंचांची आहेत आणि मागची दोन २.२५ इंचांची आहेत. रोजच्या चालीत फक्त पुढची तोंडे काम करतात. त्यांतून हवा वेगाने जाते, पेट्रोलचे बारीक तुषार होतात आणि गाडी हलक्या पायाला लगेच उत्तर देते. मागची तोंडे उघडली तरी त्यांच्यावर हवा अडवणारा एक पडदा असतो. स्प्रिंगने धरलेला हा पडदा इंजिनाच्या ओढीप्रमाणेच उघडतो आणि त्याच्याबरोबर पेट्रोलच्या सुया वर उचलल्या जातात. त्यामुळे लहान इंजिन या कार्ब्युरेटरमधून आपल्यापुरतीच हवा घेते. पाँटिॲकने हाच क्वाड्राजेट आपल्या २३० घनइंची सहा सिलिंडरच्या इंजिनावरही बसवला होता. डबल-पंपर होलीत असा पडदा नसतो. पाय दाबला की चारही तोंडे दांडीने उघडतात, कमी आरपीएमला हवेचा वेग एकदम पडतो आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. तो खड्डा दोन पंपांच्या पेट्रोलच्या पिचकारीने भरून काढावा लागतो. क्लच असलेल्या हलक्या गाडीत, आखूड गिअरमध्ये, शर्यतीच्या पट्ट्यावर हे चालते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळ टॉर्क कन्व्हर्टर आणि लांब मागचा गिअर असलेल्या माझ्या शेव्हेलमध्ये मात्र सिग्नल हिरवा झाला की गाडी आधी गुदमरायची आणि मग धक्का देऊन निघायची.

सिंगल-प्लेन मॅनिफोल्डचेही असेच आहे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे. ड्युअल-प्लेन मॅनिफोल्डमध्ये १, ४, ६, ७ हे सिलिंडर कार्ब्युरेटरच्या एका बाजूला जोडलेले असतात आणि ८, ३, ५, २ दुसऱ्या बाजूला. क्रमाने पाहिले तर ओढ एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला अशी आलटून पालटून पडते, एका सिलिंडरची ओढ शेजारच्याची हवा पळवत नाही आणि कमी आरपीएमलाही कार्ब्युरेटरला स्पष्ट ओढ जाणवते. सिंगल-प्लेनमध्ये आठही सिलिंडर एकाच मोकळ्या पोकळीतून घेतात. वरच्या आरपीएमला त्याचा खरोखर फायदा होतो, परंतु अशा मॅनिफोल्डचा पल्लाच साधारण ३५०० आरपीएमच्या आसपास सुरू होतो. रस्त्यावरची गाडी आपले बहुतेक आयुष्य त्याच्या खाली काढते.

कारखान्याने स्वस्तातले भाग लावून इंजिन गुदमरवले होते, हा आरोपही टिकत नाही. जिथे जास्त हवेची गरज होती तिथे त्याच कारखान्याने ती दिली. १९७० चे एलटी-१ हेसुद्धा ३५० घनइंचीच इंजिन आहे. त्यावर ७८० सीएफएमचा होली आणि ॲल्युमिनियमचा उंच मॅनिफोल्ड होता, कॉर्व्हेटमध्ये ते ३७० हॉर्सपॉवरचे होते. मात्र त्याबरोबर ११ ला १ कॉम्प्रेशन, सॉलिड लिफ्टरचा तापट कॅमशाफ्ट आणि मोठ्या व्हॉल्व्हचे हेड होते. विशेष म्हणजे त्यांनीही मॅनिफोल्ड ड्युअल-प्लेनच ठेवला आणि होलीची मागची तोंडे व्हॅक्यूमवर उघडणारी निवडली. क्वाड्राजेटला 'क्वाड्राजंक' म्हणून हिणवले जाते, त्यामागेही बहुधा दोन दुरुस्त होण्याजोगे दोष असतात. कार्ब्युरेटरच्या तळाची बुचे (प्लग) झिरपून रात्रभरात पेट्रोल गळते आणि थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून हवा शिरते. पहिल्याला इपॉक्सी आणि दुसऱ्याला बुश, एवढाच इलाज आहे.

ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड हलका असतो, हे मात्र खरे आहे. लोखंडी मॅनिफोल्ड एकट्याने उचलताना कंबर जपावी लागते, आणि पुढच्या चाकांवरचे वजन घटणे चांगलेच.

आता एका दुपारचे काम. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर मॅनिफोल्डमधून खाली जातो, त्यामुळे तो काढल्याशिवाय मॅनिफोल्ड निघत नाही. रोटरचे तोंड कुठे आहे याची खूण केली नाही, तर इंजिन परत सुरू करताना संध्याकाळ होते, आणि खूण केली तरी टायमिंग लाइट लावून वेळ पुन्हा जुळवावीच लागते. कूलंट आधी पुरते काढले नाही, तर मॅनिफोल्ड उचलताच ते त्याखालच्या लिफ्टरच्या दरीत, म्हणजे इंजिनाच्या ऑइलमध्ये, सांडते. म्हणून पोर्टमध्ये चिंध्या कोंबायच्या आणि काम झाल्यावर ऑइल बदलायचे. मॅनिफोल्डखाली इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीवरच्या कॉर्कच्या पट्ट्या घसरतात, म्हणून त्या टाकून तिथे सुमारे ६ मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची सलग रेघ कोपऱ्यांवर थोडी चढवून द्यायची. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, २५ ते ३० फूट-पौंडांपर्यंत आवळायचे. माझ्या गाडीत मागची पट्टी बाहेर सरकलेली होती आणि बेलहाउसिंगवरून ऑइल ओघळत होते. आधीच्या मालकाने ती गळती गिअरबॉक्सची समजून तेथील सील बदलले होते.

गिअरबॉक्सचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, कारण तिथे मोठे नुकसान होते. पुष्कळ जुन्या गाड्यांत आता ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलेला असतो आणि त्याचा आतला दाब कार्ब्युरेटरला जोडलेल्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवर ठरतो. नव्या कार्ब्युरेटरच्या दांडीची भूमिती वेगळी असेल आणि योग्य ब्रॅकेट लावले नसेल, तर दाब कमी राहतो आणि क्लच थोड्याच दिवसांत जळतात.

खोक्यातून काढून तसाच लावा, हे शेवटचे विधान. नवा कार्ब्युरेटर सुरू होण्यापुरता जुळवलेला असतो, आपल्या इंजिनासाठी नव्हे. फ्लोटची पातळी, पेट्रोलचा दाब, आयडलचे स्क्रू आणि जेट हे सर्व पाहावे लागते. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावला तर अंदाज करावा लागत नाही. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास असावे. श्रीमंत (पेट्रोल जास्त असलेले) मिश्रण सुरक्षित असते असे समजून सोडून दिले, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि रिंगा झिजतात. मी डिपस्टिक ओढली तेव्हा तिला पेट्रोलचा वास येत होता आणि आठही स्पार्क प्लग काजळीने मखमलीसारखे काळे झालेले होते.

आता तिथे क्वाड्राजेटला बसणारा ॲल्युमिनियमचा ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड आहे आणि त्यावर बुश घालून, तळाची बुचे बुजवून दुरुस्त केलेला क्वाड्राजेट आहे. स्पार्क प्लग फिकट तपकिरी निघतात आणि सिग्नलवरून गाडी पहिल्या इंचापासून ओढते.