बिबट्याला स्वदेशी कसे करावे

राष्ट्रीय उद्यानांतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत फक्त देशात बनलेला माल विकायचा, असा नियम उद्या निघालाच तर तुमची पळापळ होऊ नये म्हणून हा लेख. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुम्हाला असं एक दुकान मिळालंय असं धरून चालू. (कसं मिळालं ते मी विचारत नाही.)

अशी मागणी काही नवी नाही. २०११ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयातल्या दुकानात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे अर्धपुतळे चीनमध्ये बनलेले निघाले आणि सिनेटर बर्नी सँडर्स भडकले. तुम्ही त्या मानाने सुखी आहात. तुम्हाला कापसाचा बिबट्या विकायचाय, आणि तो निवडणुकीला उभा राहत नाही.

पहिली गोष्ट, माल नेहमीच्याच ठिकाणाहून आणा. अब्दुल रहमान स्ट्रीटवरचा घाऊकवाला छातीवर हात ठेवून म्हणेल, ‘शेठ, इंडियाचाच पीस आहे.’ त्याला खोटं पाडू नका. पीस त्या क्षणी इंडियातच असतो.

आता ‘देशी’ची व्याख्या. ती घरी बसून तयार करू नका, सरकारने करून ठेवली आहे. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश आहे. वस्तूच्या किमतीतून आयात भागाची किंमत वजा करायची, उरेल ते ‘स्थानिक मूल्य’. ते ५० टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार वर्ग एकचा, २० ते ५० मध्ये असेल तर वर्ग दोनचा. तुमच्या दुकानाला हा आदेश लागू नाही, पण व्याख्या उसनी घ्यायला कोण अडवतंय? समजा, परदेशी बिबट्या तुम्हाला ८० रुपयांना पडला. तो १५० ला विकलात तर जेमतेम ४७ टक्के देशी, म्हणजे वर्ग दोन. नाचक्की! तोच ४०० ला विका, ८० टक्के देशी. बिबट्या तोच, शेपटीचा टाकाही तोच. देशप्रेम महाग असतं असं गिऱ्हाईक म्हणालं तर त्याला हे गणित दाखवा. भाव वाढवल्याशिवाय राष्ट्र उभं राहत नाही, हे बहुधा पहिल्यांदाच असं अपूर्णांकासकट सिद्ध होत असेल.

खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यावर आयएसआयचा शिक्का हवा. पण हा शिक्का लागतो चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूला. तेव्हा बिबट्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवा: ‘शोभेची वस्तू. खेळू नये.’ पोर खेळलंच तर जबाबदारी आईबापाची, बिबट्याची नव्हे.

जुन्या साठ्यातल्या पेंग्विनची चिंता सोडा. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून आले खरे, पण पिल्लं भायखळ्यातच जन्मली. म्हणजे भूमिपुत्र. जिराफाचं मात्र अवघड आहे. सांबर म्हणून खपवावा म्हटलं तर मान आडवी येते.

वारली चित्राशिवाय तुमचं दुकान उभंच राहू शकत नाही. मूळ प्रकार फारच गैरसोयीचा: कुडाची भिंत, वर गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, आणि लग्नाचा चौक (लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र) लिहायला सवाष्णी. भिंत पिशवीत मावत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदा-कापडावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते हाताने काढायचे, त्यात फार वेळ जातो. तुम्ही इंटरनेटवरून एक नाचणारी रांग उचला आणि बाहेरून आलेल्या कपांवर छापून घ्या. संस्कृती देशी, कप कुणाचाही. चौकातली पालघट देवी तेवढी वगळा, ती डिशवॉशरमध्ये गेलेली बरी दिसत नाही.

काही भाबडे लोक सुचवतील की जंगलातलंच काही ठेवा, त्याहून देशी काय असणार. त्यांना बसवून समजवा. राष्ट्रीय उद्यानातून वनोपज उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. (आणि तो असायलाच हवा, हे मी थट्टेत म्हणत नाही.) शिवाय कारवी फुलते आठ वर्षांतून एकदा. असा पुरवठादार तुमच्या सीएला चालणार नाही. थोडक्यात, उद्यानात जे शंभर टक्के इथलंच आहे ते विकता येत नाही, आणि जे विकता येतं ते इथलं करून घ्यावं लागतं. तुमच्या धंद्याचा पाया हाच.

राहता राहिले इथले लोक. उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत, उद्यानाच्या पाटीच्या आधीपासूनचे. त्यांची घरं अतिक्रमण की काय, यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालू आहे, त्यात तुम्ही पडू नका. त्यांच्यातली एखादी मावशी गेटबाहेर आवळे, करवंदं, काकड्या घेऊन बसली तर मात्र सावध व्हा. तिच्या टोपलीत आयातीचा भाग शून्य, म्हणजे तुमच्या सूत्राने ती वर्ग एकच्याही वर जाते. पण तिच्याकडे बारकोड नाही, जीएसटी क्रमांक नाही, तीस दिवसांच्या उधारीवर माल द्यायची ऐपत नाही. तिला आत घेता येणार नाही. बाहेरही फार जवळ बसू देऊ नका. गिऱ्हाईक उगाच तुलना करतं, आणि वाट अडते म्हणून तक्रार करायला तुम्ही मोकळे आहातच.

उद्घाटनाला मात्र पाड्यावरच्या मंडळींना आवर्जून बोलवा. तारपा वाजू द्या, मंत्र्यांना रांगेत दोन पावलं नाचू द्या, मागे ‘स्थानिक कारागिरांना प्रोत्साहन’ असा फ्लेक्स लावा. मानधनाचा विषय निघण्याआधीच नारळ आणि शाल देऊन टाका. शाल पांघरताना एवढंच बघा, लेबलाची बाजू आत जायला हवी.