दीडच्या मालिकेचे साडेबारा

वॉचमन इंटरकॉमवर म्हणाला, "पार्सल आलंय, चौदाशे अठ्ठ्याण्णव रोख द्यायचेत." आमचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तरी खाली जाऊन बघावं लागलंच. पार्सलवर आईचं नाव, आमचा फ्लॅट नंबर, आणि खाली बॉलपेनने लिहिलेलं: 'माताजी से बात हो गई है.'

आत गुडघेदुखीच्या तेलाच्या दोन बाटल्या, वर फुकटचा एक प्लास्टिकचा रोलर. आमच्या आईला बीपी आहे, मतं आहेत, माझ्याबद्दल तक्रारी आहेत. गुडघे मात्र ठणठणीत. लिफ्ट बंद पडली की ती चौथा मजला माझ्याआधी गाठते आणि वरून मला धापा टाकताना बघत बसते.

"हे कशाला मागवलंस?"

"अरे, मालिकेतला तो डॉक्टर इतक्या कळकळीने सांगत होता."

"मालिकेत डॉक्टर कुठून आला?"

"आता आलाय. लीप घेतलाय त्यांनी."

सोमवार, मंगळवार आणि बुधवार, आईने चहाबरोबर अर्धा-अर्धा तास तेलाची जाहिरात मालिका समजून बघितली होती. सासू दिसत नाही, म्हणजे गेली असेल बिचारी. नवा डॉक्टर आला, म्हणजे धाकट्या सुनेचं त्याच्याशी जमणार. एक बाई रडत सांगत होती की तिला जिना चढता येत नव्हता; आईच्या मते ती मोठी जाऊ, तिला तिच्या कर्माची फळं मिळाली. मराठी मालिकांनी माणसाची सहनशक्ती कुठवर ताणली आहे याचा अंदाज यावरून यावा. बुधवारी मला शंका आली, पण त्या दिवशी एक एप्रिल होता, त्यामुळे घरात माझं कोणी ऐकून घेतलं नाही.

ही मालिका एका फुकट चॅनेलवर दुपारी दीडला लागते. त्या वेळी आईची वामकुक्षी, म्हणून ती रेकॉर्ड होते आणि चारच्या चहाला उघडली जाते. ॲपवर बघ म्हटलं तर ॲपला मधूनमधून ओटीपी लागतो आणि तो येतो माझ्या फोनवर. मी मीटिंगमध्ये साहेबांसमोर बसलेलो असताना 'चहा निवतोय, नंबर सांग' असा फोन नको, म्हणून डिसेंबरात लीड्सहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने घरचाच रेकॉर्डर बनवून दिला. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर, त्यात डिशची केबल जोडायचं ट्यूनर कार्ड आणि कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर. महिन्याचं भाडं नाही, ओटीपी नाही. निघताना आईने त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले. ते आता वसूल करायला हवेत.

भाच्याने स्वतःच्या मशीनवरची सगळी मांडणी जशीच्या तशी उचलून इकडे टाकली होती. त्यामुळे आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरातल्या कॉम्प्युटरचा टाइम झोन राहिला लंडन. कार्यक्रमांच्या वेळा जुळेनात, तेव्हा भाचेसाहेबांनी झोन बदलायचं सोडून कार्यक्रमपत्रिकेतल्या प्रत्येक वेळेतून साडेपाच तास वजा करणारी एक ओळ लिहिली. दीडमधून साडेपाच गेले, उरले सकाळचे आठ. लंडनला आठ वाजले की ठाण्यात दीड. हिवाळाभर हे गणित बिनबोभाट चाललं. मग मार्चचा शेवटचा रविवार आला, यंदा २९ तारखेला, आणि त्या पहाटे एक वाजता ब्रिटनने घड्याळं तासभर पुढे ढकलली. आता लंडनला आठ वाजतात तेव्हा ठाण्यात साडेबाराच झालेले असतात. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्याने साडेबाराला रेकॉर्डिंग सुरू केलं, एकला थांबवलं, फाईलला मालिकेचं नाव दिलं. साडेबाराला त्या चॅनेलवर तेल विकतात.

हे दुरुस्त करायला मी शनिवारी कीबोर्ड घेऊन बसलो आणि नेमके अप्पा आले.

अप्पा म्हणजे बी विंग, पहिला मजला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्मभर टाइम ऑफिसला होते. कारखाना गेला, तिथे काचेची इमारत आली, पण अप्पांचं टाइम ऑफिस बंद झालेलं नाही. ते आता सोसायटीच्या गेटवर चालतं. दूधवाला किती वाजता आला, कोणाची मुलगी किती वाजता परतली, सगळं त्यांच्या डायरीत असतं. सोसायटीच्या कुठल्याशा कागदावर माझी सही घ्यायला आले होते. कागद राहिला बाजूला.

"काय बिघडलंय?"

"रेकॉर्डिंग एक तास आधी होतंय, अप्पा."

"आधी?" अप्पा खुर्ची ओढून बसले. "अहो, उशिरा येणारे मी हजारो पाहिले. आधी येणारा पाहिला नाही. कोणी तासभर आधी आला ना, तर समजायचं की काहीतरी उचलून न्यायला आलाय."

मी त्यांना लंडनचा उन्हाळा समजावून सांगितला. मार्चमध्ये तासभर पुढे, ऑक्टोबरमध्ये मागे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सही कोणाची?"

"कसली सही?"

"घड्याळ हलवायला. आमच्या गेटवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं तर मला वर्क्स मॅनेजरची लेखी परवानगी लागायची. इथे अख्खा देश सरकवताय. कोणाच्या सहीने?"

"त्यांच्या पार्लमेंटने कायदा केलाय. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात. त्यांच्या आधी तीन आठवडे जर्मनीने घड्याळं पुढे नेली होती."

"आणि डोकं कोणाचं?"

"विल्यम विलेट म्हणून होता एक. सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्याला दिसलं की सूर्य वर आलाय आणि लोक झोपलेत. १९०७ मध्ये पत्रक छापलं त्याने. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे जा म्हणाला."

"धंदा काय करायचा?"

"बिल्डर होता."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "मग बरोबर! कार्पेट तेवढंच, सुपर बिल्ट-अप एक तास जास्त."

इतका वेळ दारात उभी असलेली आई हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी आमच्या बिल्डरला याच हिशेबाने पैसे भरलेले आहेत.

"आता मला एक सांगा," अप्पा पुढे सरसावले, "रात्रपाळीचं काय?"

"कुठल्या रात्रपाळीचं?"

"मार्चमध्ये त्या रात्री एक तास गायब. म्हणजे कामगाराने सातच तास काम केलं. पगार आठचा की सातचा?"

"मला काय माहीत?"

"ऑक्टोबरमध्ये तोच तास दोनदा आला, म्हणजे नऊ तास. वरच्या तासाला डबल रेट द्यायला हवा. आमच्या वेळी होता तो फॅक्टरी ॲक्ट १९४८, कलम ५९."

"अप्पा, तो कायदा आपला होता, त्यांचा नाही."

"मग त्यांचं घड्याळ आपल्या घरात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रात्रपाळीचा मुद्दा बिनतोड होता. रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरची हीच अडचण आहे. ऑक्टोबरच्या त्या रात्री ब्रिटनमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो, मग दीडचा कार्यक्रम लावला तर तो पहिल्या दीडचा की दुसऱ्या? मार्चमध्ये एकच्या ठोक्याला थेट दोन वाजतात, मग दीडला लावलेल्या रेकॉर्डिंगने जायचं कुठे? शहाणी सॉफ्टवेअर्स म्हणूनच आतमध्ये सगळा हिशेब युटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत ठेवतात, ती वेळ बारा महिने जागची हलत नाही, आणि स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवण्यापुरती वापरतात. मी हे अप्पांना सांगितलं. मार्चच्या दीडबद्दल त्यांचा निकाल तयार होता: "गैरहजर. बिनपगारी."

मग ते वडिलांवर घसरले. वडील परळच्या गिरणीत होते. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. त्यात दुसऱ्या महायुद्धात सरकारने प्रमाणवेळच तासभर पुढे नेली. "वडील म्हणायचे, कोणाला भेटायचं ठरलं की आधी विचारायचं, कुठल्या घड्याळाने?" मला वाटलं अप्पा रचून सांगतायत. पण जगभरचे कॉम्प्युटर टाइम झोनचा जो तक्ता वापरतात तो उघडला, तर भारताच्या नावापुढे ती युद्धातली नोंद अजून आहे आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला ती संपते. अप्पांनी ती वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू जुना मस्टर जळाला नसल्याचं आज सिद्ध झालं.

एव्हाना मला राग यायला लागला होता, आणि तो अप्पांचा नव्हता. लंडनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि सगळ्यात लहान आठाच्याही आतला. त्यांना उन्हाची काटकसर सुचणं समजू शकतो. ठाण्यात हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि अकरा. इथे ऊन वाचवायचं नसतं, उन्हापासून वाचायचं असतं. तरी आमचं घर दुसऱ्यांच्या सूर्यावर चालतं. बायको ऐरोलीला कामाला जाते. तिची न्यूयॉर्कशी रोजची मीटिंग उन्हाळ्यात साडेसहाला, नोव्हेंबरात साडेसातला, आणि त्यावर आमचा कुकर किती वाजता लागायचा ते ठरतं. वर अमेरिका घड्याळ फिरवते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांत त्या दोघांचंही आपसात जुळत नाही, आणि ते निस्तरायला जागतं कोण, तर ऐरोली. बरं, या साहेबलोकांना मार्चमध्ये दिलेला तास ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरात परत तरी मिळतो. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत माझा जो तास रोज जातो, तो कुठल्या रविवारी परत मिळणार आहे? त्यावर पत्रक काढणारा बिल्डर अजून जन्माला यायचाय. बिल्डर पुष्कळ आहेत. ते त्याच रस्त्यावर आणखी टॉवर बांधतायत.

असो. दुरुस्ती तशी किरकोळ. वजाबाकीची ती ओळ उडवली. कार्यक्रमपत्रिकेच्या फाईलमध्ये प्रत्येक वेळेच्या पुढे 'अधिक ०५३०' लिहायची सोय असते, ते लिहिलं की ती वेळ कुठली आहे याबद्दल वाद राहत नाही. मग कॉम्प्युटरचा झोन बदलायला यादी उघडली. त्यात ठाणे नाही, मुंबईही नाही. भारतासाठी आहे एशिया-कोलकाता.

"कोलकाता?" अप्पा म्हणाले. "हे चालणार नाही."

"वेळ एकच आहे, अप्पा."

"वेळेचा प्रश्न नाही. तिथे सूर्य आपल्याआधी तासभर उगवतो. त्यांच्या कार्डावर आपलं पंचिंग?"

त्यांची समजूत काढण्यात पाऊण तास गेला. इतकं करून रेकॉर्डर सोमवारसाठी साडेबाराच दाखवत राहिला, कारण आधी लावून ठेवलेली रेकॉर्डिंगं जुन्याच वेळा धरून बसली होती. ती सगळी पुसली, पत्रिका नव्याने ओढली, मालिका पुन्हा लावली, तेव्हा कुठे पडद्यावर दीड दिसले.

रात्री भाच्याचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, एवढा खटाटोप कशाला केलास? ऑक्टोबरमध्ये आपोआप बरोबर झालं असतं."

सोमवारी दीड वाजायला पाच मिनिटं कमी असताना अप्पा डायरी घेऊन हजर. मी ऑफिसला होतो, ही हकीकत आईकडून कळली. सॉफ्टवेअरने मालिकेची सुरुवात हुकू नये म्हणून दोन मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू केलं, ते अप्पांना पटलं नाही. मालिका प्रत्यक्षात एक चौतीसला लागली, तेव्हा चॅनेलला लेट मार्क मिळाला. तेव्हापासून ते चारच्या चहालाही येतात आणि धाकट्या सुनेच्या ऑफिसला जायच्या वेळांवर शेरे मारतात. आईची झोप गेली ती गेलीच, बिस्किटांचा खर्चही वाढला.

काल जिन्यात भेटले. "ऑक्टोबरचा तो रविवार म्हणजे २५ तारीख ना?"

"हो, पण आता आपला संबंध नाही, अप्पा. झोन बदललाय. इथे काहीही होणार नाही."

"तेच बघायचं असतं. रात्रपाळीत काही होत नाही ना, हे बघायलाच मला ठेवलं होतं. त्यांचं घड्याळ फिरतं तेव्हा आपल्याकडे किती वाजतात?"

"सकाळचे साडेसहा."

"सव्वासहाला येतो. आईंना सांगून ठेवा."