प्रोग्रॅमिंग शिकायला साठ हजारांचा लॅपटॉप लागत नाही

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'मुलाला कोडिंग शिकवायचंय? आधी हे वाचा' अशी त्याची सुरुवात. म्हणणं थोडक्यात असं: १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्डवाला, साठ हजारांचा तरी लॅपटॉप घ्या. फुकटातली सॉफ्टवेअर वापरू नका, कंपन्यांत ती चालत नाहीत. सुरुवात टर्बो सीवरच करा, पायथन भाषेने पाया कच्चा राहतो. मराठी माध्यमाचा मुलगा असेल तर आधी इंग्रजी पक्कं करून घ्या. नाशिकमध्ये राहून काही होत नाही, पुण्याला पाठवा. आणि शेवटी, आता एआय सगळा कोड लिहितं, तेव्हा शिकायचं की नाही याचाच विचार करा.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि रविवारी सकाळी आठवी ते बारावीच्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. त्याची फी घेत नाही. हा मेसेज वाचून ओळखीतल्या काही घरांनी 'एवढा खर्च यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू' म्हणून मुलांचं शिकणंच पुढे ढकललं. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'१६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड हवंच.'

पायथनचा विंडोजवर टाकायचा इन्स्टॉलर पंचवीस-तीस एमबीचा असतो. लग्नाच्या व्हिडिओतला एखादा तुकडा याहून मोठा असतो. जगभरातले व्यावसायिक प्रोग्रॅमर वापरतात तो व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, घ्या. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी लिहिलेली किमान गरज १.६ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम एवढीच आहे. प्रत्यक्षात ४ जीबी असली की काम सुखाने होतं. शिकणाऱ्या मुलाचे पहिले कित्येक महिने वीस, पन्नास, फार तर दोनशे ओळींचे प्रोग्रॅम लिहिण्यात जातात. एवढ्याला कुठलाही कॉम्प्युटर दमत नाही.

ताईने डिप्लोमाला वापरलेला लॅपटॉप कपाटात पडून असेल तर तो आधी बाहेर काढा. त्यात विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही आवृत्ती टाका, कारण त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे मुलं नवी आवृत्ती टाकायला जातात, ती बसत नाही, आणि 'आपला कॉम्प्युटर जुना झाला' असा निष्कर्ष घरात निघतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकणं. तिच्यात पायथन आधीपासूनच असतं. मशीन फारच रेंगाळत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. एम. जी. रोडवर हे काम करून देणारे भेटतात, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ असतो.

जड मशीन कुठे लागतं तेही सांगते, नाहीतर माझंही बोलणं अर्धवट राहील. अँड्रॉइड स्टुडिओवर मोबाइल ॲप बनवायचं तर किमान ८ जीबी रॅम मागतात, आणि एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नकली फोन, चालवायचा तर तीही अपुरी पडते. थ्रीडी गेमच्या इंजिनांना ग्राफिक्स कार्ड लागतं. मशीन लर्निंगची हौस असेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमधूनच गूगलची मशीन मर्यादित वेळ फुकट वापरू देतं. पण हे सगळं वर्षभर शिकून झाल्यावरचं. तोवर मुलाला नेमकं काय आवडतं तेही कळलेलं असेल, आणि लॅपटॉप घ्यायचाच झाला तर तो त्या कामाला बेतून घेता येईल.

फक्त मोबाइलवर शिकता येतं का, असंही लोक विचारतात. चाखून बघण्यापुरतं येतं. पण पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, आणि बोटभर पडद्यावर त्या जागा सांभाळताना मूल वैतागतं. घरात कॉम्प्युटर नसेलच तर मोबाइलला ओटीजी जोडणी लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, बराच त्रास वाचेल.

'फुकटची सॉफ्टवेअर शिकाऊंसाठी असतात.'

हे सरळ चुकीचं आहे. व्हीएस कोड, पायथन, सी भाषेसाठीचं जीसीसी, कोडमधले बदल जपणारं गिट, लिनक्स ही सगळी मोफत आहेत आणि कंपन्यांमध्ये रोज हीच चालतात. माझ्या नोकरीतही. या मुद्द्याच्या पोटात एक धोका आहे: 'विकतचंच हवं' असं मनात बसलं की मुलं पैसे नसल्याने क्रॅक केलेली कॉपी शोधत फिरतात, आणि तिच्याबरोबर व्हायरस घरी आणतात. ज्या कॉम्प्युटरवर वडील बँकेचे व्यवहार करतात त्याच कॉम्प्युटरवर.

मोफत साधनांतलं आधी कुठलं निवडायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवशी व्हीएस कोड देऊ नका. चांगलाच आहे तो, पण नवख्यासमोर इतकी बटणं, इतकी एक्स्टेन्शन्स आणि इतक्या सूचना येतात की प्रोग्रॅम राहतो बाजूला. मूल ओळ बदलतं, फाइल सेव्ह करायला विसरतं, खालच्या टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम चालवतं, उत्तर जुनंच येतं, आणि मग ते बरोबर असलेली ओळ पुन्हा पुन्हा बदलत बसतं. त्याऐवजी थॉनी हा साधा एडिटर वापरा. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात ते खास शिकणाऱ्यांसाठी तयार झालं. पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. कुठल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नावात, या क्षणी काय आहे ते बाजूच्या चौकटीत दिसतं, आणि एक-एक पायरी पुढे सरकत प्रोग्रॅम चालवून बघता येतो. दोन-तीन महिन्यांनी फाइली वाढल्या की मूल आपणहून मोठा एडिटर मागतं. तेव्हा व्हीएस कोड द्या.

'टर्बो सीनेच पाया पक्का होतो.'

इथे मला जरा थांबायचंय, कारण हा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिला असणार. आमच्या पिढीतले पुष्कळ जण टर्बोच्या त्या निळ्या पडद्यावरच शिकले आणि त्यांना त्याबद्दल माया आहे. पण माया आणि पाया या वेगळ्या गोष्टी आहेत.

टर्बो सी प्लस प्लस हा बोर्लंड कंपनीचा, विंडोजआधीच्या डॉस या सिस्टिमच्या जमान्यातला कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ मध्ये. टर्बो त्याच्या कितीतरी आधीचा. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालतच नाही, डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये बसवून चालवावा लागतो. त्यात प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहायला शिकलेलं 'आयओस्ट्रीम डॉट एच' आजच्या जीसीसीला दिलं की तो पहिल्याच ओळीवर अडतो. म्हणजे मुलाने पाठ केलेली सुरुवातच पुढे पुसावी लागते.

निफाडकडून एक मुलगा येतो. घरी कांदा. त्याला लासलगावला नेलेल्या मालाचा हिशोब करणारा प्रोग्रॅम हवा होता, आणि क्लासमध्ये टर्बो शिकल्यामुळे त्याने तो टर्बोतच लिहिला. ४० क्विंटल कांदा, दर १५०० रुपये. उत्तर यायला हवं ६०,०००. पडद्यावर आलं उणे ५५३६. त्याने गुणाकार तपासला, दर तपासला, सगळं बरोबर. टर्बोमध्ये 'इंट' या प्रकाराला १६ बिटची जागा मिळते, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढे गेलं की आकडा उलट फिरून उणे होतो: ६०,००० वजा ६५,५३६, म्हणजे बरोबर उणे ५५३६. तोच प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर टाकला की ६०,००० येतात, कारण तिथे इंटला ३२ बिट मिळतात. आकडा मेमरीत कसा मावतो हे समजणं मोलाचंच आहे, आणि त्या मुलाला ते आता कायमचं समजलंय. पण शेजारी समजावणारं कुणी नसतं तर त्याने 'मला जमत नाही' म्हणून वही मिटली असती.

सी भाषेला माझा विरोध नाही. मेमरी, पॉइंटर, कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे सीइतकं स्वच्छ फार थोड्या भाषा दाखवतात. बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये सी प्लस प्लस करायचं असेल तर जरूर करा, पण कोड ब्लॉक्स हा मोफत एडिटर आणि जीसीसीवर सराव करा. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो असेल तर तिथले दोन-चार फरक वहीत लिहून ठेवा, काम भागेल.

पायथनला 'शॉर्टकट' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये आता पायथनच आहे, आणि अमेरिकेतल्या एमआयटीनेही आपला सुरुवातीचा अभ्यासक्रम पायथनवर नेऊन बराच काळ झाला. तर्क, लूप, फंक्शन, चूक शोधण्याची चिकाटी, हा खरा पाया. तो भाषेवर अवलंबून नसतो.

'आधी इंग्रजी पक्कं करा.'

पायथनचे राखीव शब्द ३५. इफ, एल्स, व्हाइल, फॉर असे. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला हे एका आठवड्याचंही काम नाही.

बाकी नावं तर मराठीत देता येतात. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'वजन', 'दर', 'हमाली' असं देवनागरीत ठेवलं तरी चालतं. आठवी-नववीतल्या मुलांना मी सुरुवातीला असंच लिहू देते. पुढे इतरांबरोबर काम करताना नावं इंग्रजीत लिहायची सवय करावी लागते, पण तोवर विचार करण्याची भाषा आपली राहते आणि भीती जाते. प्रोग्रॅमच्या आतल्या गणितात आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात, देवनागरी आकडा दिसला की पायथन चूक दाखवतं. पण वापरणाऱ्याने देवनागरीत टाइप केलेले '२०' हे पायथनच्या 'इंट' या आकडा बनवणाऱ्या फंक्शनमधून काढले की त्याचे नीट वीस होतात. हे पहिल्यांदा बघताना मुलांचे चेहरे बघावेत.

मराठीतून शिकणाऱ्याला तर एक जास्तीची गंमत मिळते. पायथनला 'नाशिक' या शब्दाची लांबी विचारा. आपण तीन अक्षरं मोजतो, ते ५ सांगतं, कारण ते न, काना, श, वेलांटी आणि क असे वेगळे मोजतं. आता शब्द उलटा करायला सांगा. उत्तर येतं 'किशान'. मुलं आधी हसतात, मग भांडतात की 'कशिना' यायला हवं होतं, आणि मग युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत, काय आहे हे विचारायला लागतात. इंग्रजी शब्दांवर सराव करणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडतच नाही.

इंग्रजी लागतं ते चूक झाल्यावर पायथन दाखवतं ते संदेश वाचायला. त्याला युक्ती सोपी आहे: सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, मग ओळीचा क्रमांक बघायचा. नेहमीचे सात-आठ संदेश असतात, ते वहीत मराठी अर्थासह लिहून ठेवले की महिन्याभरात ओळखीचे होतात.

'नाशिकमध्ये राहून काही होत नाही.'

२००३ च्या सिंहस्थात आपल्या शहरात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हा कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधणारा उपक्रम सुरू झाला. त्यात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा आणि त्याचे साथीदार यांनी 'आशिओतो' बनवलं: पावलांचा दाब ओळखून किती माणसं पुढे गेली ते मोजणारी चटई, आणि तो आकडा गर्दी सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवणारी यंत्रणा. ते कुंभात वापरलं गेलं, आणि पुढे निलयने टेड या व्याख्यानांच्या व्यासपीठावरून ते जगाला सांगितलं. त्या मुलांना प्रश्न नाशिकने दिला होता.

आपल्याकडे असे प्रश्न जागोजागी पडलेत. द्राक्षबागेत सगळी कामं छाटणीनंतरच्या दिवसांवर मोजतात. छाटणीची तारीख दिली की आज कितवा दिवस ते सांगणारा प्रोग्रॅम पाच-सहा ओळींचा होतो. तो आजोबांच्या हातात देणाऱ्या मुलीला पुण्याच्या क्लासची जाहिरात दाखवून काय मिळणार?

'एआय आलंय, शिकून काय उपयोग?'

हा मुद्दा पालकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. एआय कोड लिहितं हे खरंच आहे, मीही कामावर ते वापरते. पण त्याने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे मलाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कोड वाचता यावा लागतो.

त्याच निफाडच्या मुलाचं पुढचं सांगते. त्याने पायथनमध्ये दोन खेपांचं वजन विचारणारा प्रोग्रॅम लिहिला. एका खेपेचे २० क्विंटल, दुसऱ्या खेपेचे २५. बेरीज आली २०२५. 'इनपुट'मधून येतं ते अक्षर असतं, आकडा नसतो, म्हणून पायथनने दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवले. त्याने ते स्वतः शोधलं, जवळजवळ सगळी सकाळ घालवून. चॅटजीपीटीने ते पाच सेकंदांत दुरुस्त करून दिलं असतं. पण मग पुढच्या वेळी एआयने क्विंटलच्या दराला किलोच्या वजनाने गुणलेला हिशोब दिला, तर तो याच्या डोळ्याला खुपला नसता. त्यात कुठेही चूक दाखवणारी लाल अक्षरं येत नाहीत. प्रोग्रॅम गपगुमान चालतो आणि पैसे चुकीचे सांगतो.

म्हणून पहिले सहा महिने एडिटरमधलं आपोआप कोड सुचवणारं एआय बंद ठेवा. मूल अडलं तर त्याने एआयला 'लिहून दे' म्हणू नये, 'ही चूक का येतेय ते समजाव' असं विचारावं. पालकांना प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी एक गोष्ट सहज करता येते. संध्याकाळी त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, 'ही काढली तर काय होईल?' त्याला आधी अंदाज सांगू द्या, मग ओळ काढून चालवून बघायला लावा. अंदाज चुकला तरी हरकत नाही, तो का चुकला हे शोधायला तो स्वतःच बसेल. काहीच सांगता आलं नाही, तर तेवढा भाग दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा त्याच्याकडून लिहून घ्या.