खुलासा : बुंध्याशी युरिया टाकण्याच्या संदेशाबाबत

‘आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी दर आठवड्याला मूठभर युरिया टाकल्यास झाड दुप्पट वेगाने वाढते’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. एवढी मात्रा एका जागी पडली की मातीतील क्षारता वाढून कोवळ्या मुळांतील पाणी उलट बाहेर ओढले जाते, पाने कडेने करपतात आणि कलम मरूही शकते. माझ्या परसातील दोन वर्षांचे केशर कलम मी असेच गमावले, याची खंत अजून आहे. अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक मुळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली असतात. म्हणून कुजलेले शेणखत तेथील मातीत मिसळावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.