हिरवळ पाहून नाणं घेऊ नका

"वावर नांगरताना निघालं भाऊ" एवढं कानावर पडलं की नाण्याची किंमत दुप्पट होते आणि घेणाऱ्याची अक्कल निम्मी. विदर्भात ही थाप खपते, कारण ती खरीही असू शकते. पवनी, अडम, मांढळ, कौंडिण्यपूर ही जुनी ठिकाणं आपल्याच भागातली. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची) दीड हजारांवर नाणी एकाच ठेव्यात सापडली होती. नकली माल विकणारे याच आधारावर धंदा करतात.

लोक सगळ्यात आधी हिरवा थर बघतात. माझ्या मते तोच सगळ्यात कमी भरवशाचा, कारण तो बनवायला सगळ्यात सोपा. नवसागर, मीठ, व्हिनेगर लावून नाणं ओल्या खतात पुरलं की काही आठवड्यांत हिरवं होतं. खऱ्या तांब्यावर धातूला लागून तांबूस थर असतो, त्यावर घट्ट हिरवा. नकली हिरवळ थेट पिवळ्या-लाल धातूवर बसलेली असते. लाकडी दातकोरणीने कडेला हलकेच खरवडून पाहा. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस फिरवा. कापूस हिरवा झाला तर तो रंग किंवा डिंकात कालवलेली पूड आहे. मात्र फिकट हिरवी, भुरभुरीत पूड गळते म्हणून लगेच नकली ठरवू नका. अस्सल तांब्यालाही अशी पूड गळण्याचा रोग लागतो.

आणि चिंच-लिंबाने घासणं तर बंदच करा, बाप्पा! खरं असेल तर पुरावा गेला आणि निम्मी किंमतही गेली. लोहचुंबकाला चिकटलं तर नकली समजा. नाही चिकटलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, पितळही चिकटत नाही.

खरी परीक्षा म्हणजे नाणं घडलं कसं, ते पाहणं. चांदीची आहत नाणी घ्या, ज्यांना बाजारात पंचमार्क म्हणतात. पत्रा कापायचा, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे, मग एकेक चिन्ह वेगळ्या ठशाने ठोकायचं. मौर्यकाळात दर्शनी बाजूला अशी पाच चिन्हं असत. म्हणून दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. चिन्हं एकमेकांवर चढतात, अर्धी काठाबाहेर जातात, नंतरचा ठसा आधीच्याला दाबतो. विकणाऱ्याकडे पाच-सहा नाणी असतील तर सगळी शेजारी मांडायला लावा. दोघांचा आकार, छाट आणि चिन्हांची जागा एकच असली तर दोन्ही एकाच साच्यातली. पाचही चिन्हं ऐसपैस, पूर्ण उमटलेली दिसली तरी सावध व्हा.

भिंगातून काठ पाहा. ओतीव नकलेत मधोमध बारीक रेघ असते किंवा ती घालवायला मारलेल्या कानशीचे समांतर ओरखडे असतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर. इथे एक गोची आहे: काही प्राचीन तांब्याची नाणी मुळातच ओतीव होती, त्यांना ओतनळीचा (साच्यात धातू ओतायच्या वाटेचा) तुकडा राहिलेला असतो. त्यामुळे कोणत्या प्रकारचं नाणं आहे, हे आधी ठरवा, मग काठाला दोष द्या.

वजनाला सराफाचा ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो. मौर्यकालीन आहत नाणं ३.३ ते ३.४ ग्रॅम, झिजलेलं थोडं कमी. क्षत्रपांचं (पश्चिम भारतातले प्राचीन राजे) चांदीचं नाणं २ ग्रॅमच्या आसपास. वजन जमलं की घनता काढा. काट्यावर पाण्याचा गिलास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला-काचेला टेकू देऊ नका. दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ३.३२ ग्रॅमच्या नाण्याला ०.३२ आला तर भागाकार १०.४, म्हणजे चांदीच्या (१०.५) जवळ. ०.३८ आला तर ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर (नावापुरतीच चांदी) किंवा चांदीचा मुलामा दिलेलं तांबं-पितळ. बुडबुडे चिकटले की आकडा खोटा वाढतो; नाणं आधी भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. एवढ्याशा नाण्यात ०.०१ ची चूकही जाणवते, म्हणून चार-पाचदा मोजा. जाड माती चढलेल्या नाण्यावर ही रीत चालत नाही, आणि नकल खऱ्या चांदीची असेल तर ती इथे पासच होते. शिवाय चांदी चढवलेली खोटी नाणी प्राचीन काळातही होती. नाणं खोटंही आणि दोन हजार वर्षं जुनंही असू शकतं!

सातवाहनांच्या हत्तीच्या नाण्यावर सोंड वर केलेला हत्ती, भोवती ब्राह्मी लेख, मागे चार वर्तुळं क्रॉसने जोडलेलं उज्जैन चिन्ह. नकल करणाऱ्याला ब्राह्मी येत नाही, तो अक्षरांचं नक्षीकाम करतो. "रञो" (राजाचं) हा शब्द ओळखायला शिका, अर्धी फसवणूक तिथेच उघडी पडते.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि राम दरबार किंवा हनुमान असलेलं "चमत्कारी" नाणं कुणी लाखात विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं म्हणून विकलं जाणारं नाणं ही तर उघड लूट.

खरंच वावरात काही निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीच्या निखात (जमिनीत पुरलेल्या) ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. धुऊ नका, वाटून घेऊ नका. भांड्यात असेल तर भांडं मातीसकट राहू द्या, जागेचा फोटो काढा. शिशाची नाणी हाताळली तर जेवायच्या आधी हात धुवा.

कुणाला नाणं दाखवायचं असेल तर कमेंटमध्ये दोन्ही बाजू, काठ आणि वजन टाका. नुसत्या एका बाजूच्या फोटोवर खरं-खोटं सांगता येत नाही.