वायपर हलला की समजावे

युरोपातल्या रस्त्याच्या कडेला उभे राहून परकी माणसे ओळखण्याचा छंद तुम्ही अजून लावून घेतला नसेल, तर आता उशीर करू नका. भांडवल लागत नाही. भरपूर रिकामा वेळ आणि आपण इथलेच असल्याचा फुकटचा अभिमान, एवढ्यावर भागते.

श्रीगणेशा नंबरप्लेटपासून करा. पुढची पांढरी आणि मागची पिवळी असेल तर गाडी ब्रिटनची. दोन्ही पिवळ्या असतील तर नेदरलँड्स म्हणून मोकळे व्हा. लक्झेंबर्गची निघाली तरी तुम्हाला कोण विचारतो? पांढऱ्यावर तांबडी अक्षरे असली तर बेल्जियम. मग गाडी कुठल्या देशाची ते सांगणाऱ्या मागच्या लंबगोल स्टिकरकडे वळा. 'सीएच' दिसले की खणखणीत आवाजात 'चीन' म्हणा. तो स्वित्झर्लंड असतो, लॅटिन नावावरून आलेला. पण आत्मविश्वासापुढे लॅटिनचे काय चालते? 'एचआर'ला हंगेरी म्हणायलाही हरकत नाही. क्रोएशियाचे लोक आपल्या देशाला ह्रवात्स्का म्हणतात, हा त्यांचा प्रश्न. ब्रिटिशांनी २८ सप्टेंबर २०२१ पासून 'जीबी' सोडून 'यूके' धरले, तेव्हा परदेशात जुना स्टिकर मिरवणारा दिसला की नुसती मान हलवा. शब्दांपेक्षा ती जास्त लागते.

खरी मेजवानी मात्र टोलनाक्यावर. देश उजवीकडून चालणारा, पाहुण्याची गाडी डावीकडून चालणाऱ्या देशातली: तिकिटाचे यंत्र डावीकडे, स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीत माणूस एकटा. आधी तो हात लांब करून पाहतो. मग पट्टा सोडतो, गिअरवरून पोट ओढत पलीकडच्या खिडकीशी जातो आणि तिकीट बोटांत येते न येते तोच वारा ते घेऊन जातो. मागे हॉर्नचा गजर सुरू होतो. अशा वेळी मदतीला धावू नका. निरीक्षकाने तटस्थ राहावे.

रात्री दिवे पाहा. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचा झोत डाव्या कडेकडे झुकलेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशात तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून शहाणे पाहुणे काचेवर चिकटपट्टीचे ठिगळ लावतात. शहाणे असले तरी पाहुणेच, हे विसरू नका.

पायी चालणारा ओळखणे तर पोरखेळ आहे. तो रस्ता ओलांडण्याआधी हमखास उलट्या बाजूला पाहतो. लंडनमध्ये पाहुण्यांसाठी 'उजवीकडे पाहा' असे रस्त्यावरच रंगवून ठेवले आहे. असल्या सोयींनी या छंदाचे फार नुकसान केले. पार्किंगचा फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा तर शंभर टक्के परका. इथल्या माणसाने तो कधी वाचलेला असतो?

स्वीडनचे नाव मात्र चारचौघांत काढू नका. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता तो सगळा देश डावीकडून उजवीकडे आला. त्या सकाळी जो तो आपल्याच गल्लीत परका, आणि कडेला उभे राहून हसायला इथला असा कोणी उरलाच नाही. छंदाच्या दृष्टीने काळा दिवस.

आता शेवटची खूण, कधी न चुकणारी. युरोपी गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडे असते, जपानमधल्या गाड्यांत उजवीकडे. म्हणून लख्ख उन्हात वायपर हलू लागला की समजावे, परका वळतो आहे. हे मी अनुभवाने सांगतो. परमुलखात भाड्याची गाडी घेऊन एका चौकात शिरलो, दांडी खाली केली, आणि कोरड्या काचेवर वायपर करकरला. कडेच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. थांबवायला म्हणून मी तीच दांडी ओढली, तर काचेवर फवारा उडाला. पाणी ओसरले तेव्हा दोघे बाकाच्या या टोकाला सरकून बसले होते. तिथून नीट दिसत असावे.